अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचा आवाज

कोझिकोडच्या कुट्टिच्चिरा मोहल्ल्यातल्या बहुतेक पुरुषांसारखी उस्सनकोयालाही दोन घरं होती. एक बायकोचं. तिथे तो लग्नाच्या दिवशी राहायला गेला आणि नातवंडं झाली तरी जावई म्हणूनच राहत होता. दुसरं आईचं, जे आता बहिणीच्या ताब्यात होतं. पहिल्या घरात त्याची खोली होती, पलंग होता, बायको सैनबी होती. दुसऱ्या घराच्या माडीवर त्याच्या ग्रामोफोनच्या तबकड्या होत्या. लग्न नवं असताना त्याने तबकड्यांचं एक खोकं बायकोकडे आणायचा प्रयत्न केला होता. सासूने दारातच अडवलं.

"हे काय?"

"गाणी आहेत, उम्मा."

"जावयाला खोली दिलीय. गाण्यांना नाही."

खोकं परत गेलं. तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की उस्सनकोया तळ्याला वळसा घालून आईच्या घरी जायचा आणि मगरीबची बांग झाली की परतायचा. "नवरा आमच्याकडे, जीव तिकडे," असं सैनबी शेजारणींना सांगायची. अडवलं मात्र तिने कधी नाही. दुपारी घरात पुरुष नसला की बायकांना बरं पडतं, हेही ती सांगायची.

त्याचा धंदा खोबऱ्याच्या दलालीचा. वलियंगाडीच्या बाजारात सकाळी उभं राहायचं, पोत्यातली वाटी काढून मोडायची, मोडतानाचा आवाज ऐकायचा, वास घ्यायचा आणि भाव बोलायचा. धंदा मुलाकडे सोपवल्यावर सकाळही तबकड्यांकडे गेली. त्या त्याने भंगारवाल्यांकडून, बंद पडलेल्या हॉटेलांच्या माळ्यांवरून आणि घरं पाडणाऱ्या ठेकेदारांकडून जमवल्या होत्या. गाजलेली गाणी त्याला नको असत. ज्यांच्याबद्दल कोणाला काही सांगता येत नाही अशी गाणी हवी असत. एकच तबकडी काढून नाहीसे झालेले गायक, बुडालेल्या कंपन्या, आठवड्याभरात थिएटरातून उतरलेले चित्रपट. हा इतकी वर्षं एकट्याचा आजार होता. गल्लीत त्याला 'भंगारकोया' म्हणत आणि तोही त्या नावाला ओ देई.

मग हातात स्मार्टफोन आला, त्यावर 'जुनं गाणं' नावाचा एक गट सापडला, आणि हा आजार बराच पसरलेला आहे हे त्याच्या लक्षात आलं. गट चालवायची रोसम्मा, मस्कतच्या एका इस्पितळातली परिचारिका. गटात पालक्काडचा एक निवृत्त वनरक्षक होता, आयर्लंडमध्ये ट्रक चालवणारा एक जण होता, आणि दिवसभर काही न बोलता फक्त ऐकणारे शेकडो लोक होते. एकमेकांचं तोंड न पाहिलेली ही माणसं एखाद्या गाण्यातल्या व्हायोलिनवरून हमरीतुमरीवर येत आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करत.

एकही प्रत न उरलेला एक चित्रपट त्यांनी दोन वर्षं खपून नुसत्या आठवणींतून जोडत आणला होता. कथा मिळाली ती थिएटरबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकेतून. पण त्या पुस्तिकांत शेवट देत नसत, 'पुढचं पडद्यावर पाहा' असं छापून मोकळे होत. लहानपणी तो चित्रपट पाहिलेल्या एका म्हाताऱ्याला शेवटी नायिका बोटीत बसलेली आठवत होती. दुसऱ्याला बोट रिकामी आठवत होती. दोघेही शपथेवर सांगत होते. रोसम्माने दोन्ही लिहून ठेवलं.

"आठवण आणि पुरावा यांची गल्लत करायची नाही," ती बजावायची; गटाच्या वर लावलेल्या नियमांच्या यादीत हे पहिलं होतं. "आवडतं म्हणून खरं, हे इथे चालणार नाही."

उस्सनकोयाला तिचा हा करडेपणा आवडायचा. नव्या लोकांना तोही तसंच सुनवायचा.

गटातल्या सगळ्यांना हवी होती ती बिय्यात्तूची तबकडी. बिय्यात्तू कुट्टिच्चिरातली, लग्नघरी बायकांच्या घोळक्यात गाणारी. स्वातंत्र्याच्या काही वर्षं आधी मद्रासहून रेकॉर्ड कंपनीची माणसं आली, त्यांनी समुद्राजवळच्या लॉजमध्ये तिची दोन गाणी भरून घेतली. तबकडी निघाली आणि चहाच्या हॉटेलात वाजली. आपल्या घरातल्या बाईचा आवाज कोणीही चहाबरोबर ऐकतो, हे घरच्या पुरुषांना झेपलं नाही. मिळाल्या तेवढ्या तबकड्या विकत घेऊन त्यांनी फोडल्या. पुढे बिय्यात्तू बाळंतपणात गेली. मागे राहिली तिची लहानगी मुलगी कुंजीबी.

ही कुंजीबी आता पंचाऐंशीच्या घरात होती आणि उस्सनकोयाच्या बहिणीपासून तिसऱ्या दारात राहत होती. आईचा आवाज एकदा कानावर पडावा, एवढी तिची मागणी होती. तो दारावरून जाताना दिसला की ती ओट्यावरून विचारायची. इतक्या वर्षांत त्या विचारण्यातला प्रश्न झिजून गेला होता. जेवलास का म्हणावं, तसं ती म्हणायची, "सापडली का रे माझी उम्मा?"

"शोधतोय, इत्ता."

"शोध. मी आहे अजून."

यंदा रमजानच्या आधी तलश्शेरीच्या एका भंगारवाल्याने तबकड्यांचा गठ्ठा आणून टाकला. त्यातल्या एकीचं लेबल पार झिजलेलं होतं. 'मापिळ्ळा गाणं', म्हणजे मलबारी मुसलमानांचं गाणं, आणि 'कालिकत' हे कोझिकोडचं जुनं नाव, एवढंच वाचता येत होतं. उस्सनकोयाने ती साबणाच्या पाण्याने धुतली, पंख्याखाली वाळवली आणि यंत्रावर चढवली. यंत्राचा काटा नेहमीप्रमाणे अठ्ठ्याहत्तरवर होता, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या.

बाईचा आवाज. बारीक, ताणलेला, मागे पेटी. गाणं नवरीला बसवतानाचं. बिय्यात्तू हेच गायची, असं त्याला निरनिराळ्या घरांतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं होतं. गाणं संपल्यावर खरखरीत चिमणी बोलल्यासारखं काहीतरी किंचित वाजलं. चरा असेल, म्हणून त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. तो खाली गेला, बहिणीकडे पाणी मागितलं आणि न पिताच पुन्हा वर आला.

गटावर गाणं टाकल्यावर रोसम्माचा पहिला शब्द होता, "पुरावा?"

"गाणं तिचं, गाव तिचं, आवाज बाईचा," त्याने बोलून पाठवलं. "तबकडीवर गायलेली कोझिकोडची दुसरी मापिळ्ळा बाई आणायची कुठून?"

"आपल्याला दुसरी माहीत नाही म्हणजे दुसरी नव्हतीच, असं होत नाही, इक्का."

"रोसम्मा, तू जन्मायच्या आधीपासून मी हे ऐकतोय. माझ्या कानावर काही भरवसा ठेवशील की नाही?"

तिने गटाच्या नोंदीत बिय्यात्तूच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकलं. पण गटात लोक असे भरून आले, की आठवड्याभरात तिने ते काढून टाकलं. एवढ्या आनंदात प्रश्नचिन्ह उद्धट दिसत होतं, असं ती पुढे म्हणाली.

कुंजीबीला त्याने तबकडी पहिल्यांदा वाजवली त्याच दुपारी ऐकवलं होतं. ती फोन कानाशी धरून बसली. गाणं संपलं तरी फोन तसाच होता.

"एवढी घाई कसली होती तिला?" ती म्हणाली.

नातीने ते गाणं तिच्या फोनवर घेऊन दिलं. मग सकाळच्या चहाबरोबर, दुपारी पडल्या पडल्या, पाहुणे आले की पाहुण्यांना, असं ते घरात वाजू लागलं. शेजारचे वैतागले, पण बोलणार कोण? आईचं गाणं आहे म्हटल्यावर तोंड बंद होतं.

उस्सनकोयाचा गाण्याचा क्लब वलियंगाडीतल्या एका गोदामाच्या माडीवर भरायचा. क्लबने कुंजीबीचा सत्कार ठरवला. आधी तबकडी वाजवायची, मग तेच गाणं आजच्या गायिकेने म्हणायचं, साथीला सत्यपालनची पेटी. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी सत्यपालन सूर धरायला बसला. उस्सनकोयाने आपलं यंत्र रिक्षात घालून तिथे नेलं होतं. गाणं सुरू झालं. सत्यपालनने एक पट्टी दाबली, सोडली, शेजारची दाबली, तीही सोडली.

"कोयाक्का, ही बाई कुठे गातेय?"

"काळी चार असेल."

"काळी चार नाही. पांढरी सहाही नाही. दोघींच्या मधल्या फटीत गातेय."

"गळ्याला फट चालते, सत्या."

"गळ्याला चालेल. मागे पेटी वाजतेय, तिला कशी चालेल? पेटीत फटीला पट्टी नसते."

यानंतर काय, ते उस्सनकोयाला सत्यपालनने सांगायची गरज नव्हती. अठ्ठ्याहत्तर फेऱ्या हा हिशोब नंतरचा. त्याआधी ज्याचं यंत्र जसं फिरेल तशी तबकडी भरली जाई, कधी ऐंशीने, कधी सत्तरने. सावकाश भरलेली तबकडी जलद फिरवली की आवाज चढतो, बारीक होतो. गटावर कोणी नवखा जुनी तबकडी घेऊन आला, की 'आधी वेग तपासा' हे त्याला उस्सनकोयाच सांगायचा. स्वतःच्या प्रत्येक तबकडीला त्याने हे केलं होतं. या एकीच्या वेळी त्याचा हात बटणाकडे गेला नव्हता. ऐकू आलं ते त्याला हवं होतं तेच होतं.

त्याने बटण थोडं फिरवलं. आवाज उतरून काळी चारवर आला आणि पेटीला जुळला.

"जमलं की!" सत्यपालन म्हणाला. "बाईच आहे. थोडी भारदस्त झाली एवढंच."

"अजून घाईत आहे," उस्सनकोया म्हणाला आणि बटण पुढे फिरवत गेला. मध्ये पुन्हा फट आली, मग पांढरी पाच. तिथे गाणं आपल्या जागी बसलं. श्वास घ्यायला वेळ मिळू लागला, शब्द मोकळे झाले. गाणारा विशीतला पुरुष होता. गळा उंच, पण पुरुषाचा. गाणं संपलं आणि जिथे चिमणी बोलत होती तिथे त्या माणसाने घसा खाकरला आणि समोरच्या कोणाला तरी विचारलं, "पुरे ना?"

त्या काळातले गायक तबकडीच्या शेवटी आपलं नाव सांगत. याने तेवढं सांगितलं नव्हतं.

सत्यपालनने पेटीचा भाता बंद केला. "हिचा वेग एवढा कमी, म्हणजे तबकडी..."

"फार जुनी. बिय्यात्तू जन्मली नसेल तेव्हा."

"परवा कार्यक्रम आहे, कोयाक्का. होऊन जाऊ दे. मग सांगा."

"म्हणजे तिला व्यासपीठावर बसवून, शाल घालून, परक्या माणसाचा आवाज ऐकवायचा?"

"दोन महिने ऐकतेच आहे ना? अजून दोन दिवसांनी असं काय बिघडणार आहे?"

घरी सैनबीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हातातली पत्तिरी तव्यावर टाकली, उलटली, मग म्हणाली, "मला विचाराल तर गप्प बसा. म्हातारीला या वयात आई मिळालीय. ती काढून घ्यायला निघालात?"

"ती तिची आई नाही."

"तुमच्या तबकडीला नसेल."

"उद्या दुसऱ्या कोणी वेग तपासला तर? गटात माझ्यासारखे पुष्कळ आहेत."

"मग असं म्हणा ना, की पकडले जाल म्हणून सांगायचंय."

हे त्याला लागलं, कारण त्यात थोडं तथ्य होतं. त्याने दोन्ही वेगांची गाणी रोसम्माला पाठवली. इस्पितळातली ड्युटी संपल्यावर तिचा निरोप आला. ती चिडली नव्हती, आणि तेच त्याला जड गेलं. "चूक माझीही आहे, इक्का. प्रश्नचिन्ह मी काढलं. उद्या संध्याकाळी दुरुस्ती टाकते. पण त्याआधी तुम्ही कुंजीबीच्या घरी जा. तिची नात गटात आहे. आईची गोष्ट तिला फोनवरून कळता कामा नये."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिसऱ्या दाराशी थांबला. कुंजीबी पलंगावर बसून कार्यक्रमासाठी शिवलेल्या नव्या कुडत्याची बटणं तपासत होती.

"ये. बघ, गळा मोठा केलाय मेल्या शिंप्याने."

"इत्ता, माझी चूक झाली," तो उभ्यानेच म्हणाला. "ते गाणं तुमच्या उम्माचं नाही."

तिने बटणावरून मान वर केली नाही. "कोण म्हणतं?"

"मीच. मी चुकीच्या वेगाने लावलं होतं. म्हणून ते बाईसारखं वाटलं."

"आता सांगताय?" नात स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आख्ख्या गावाला बोलावणं गेलंय. परत एकदा तपासून बघा, इक्का. तुमच्या यंत्रातच काही असेल."

"तू थांब," कुंजीबी म्हणाली. "लाव. योग्य काय ते लाव."

त्याने लावलं. तिने पूर्ण ऐकलं. शेवटच्या शब्दांवर ती दचकली.

"हे कोण बोललं?"

"तोच. गाणारा."

"पोरगाच आहे." तिने फोन जवळ ओढला. "चांगला गातो. कुणाचा?"

"माहीत नाही."

"आणि माझी उम्मा?"

"नाही सापडली."

नात काही बोलणार होती, पण कुंजीबीने हाताने तिला थोपवलं आणि कुडता बाजूला ठेवला.

"एक सांगते, उस्सना. हे गाणं आणलंस त्याच्या आधी माझ्याकडे तिचा आवाज होता थोडासा. गाणं नव्हे. मला हाक मारायची, तेवढाच. नीट नव्हता, पण होता. आता तो आठवायला गेले की हाच येतो." तिने फोनकडे बोट केलं. तक्रार करत नव्हती. कुठे दुखतं ते डॉक्टरला सांगावं, तसं सांगत होती. "परत येईल तो?"

"मला नाही सांगता येणार, इत्ता."

"तुला काय सांगता येणार म्हणा."

उस्सनकोयाने आयुष्यभर हरवलेले आवाज गोळा केले होते. आपल्या हातून एखादा हरवू शकतो, हा विचार त्याच्या मनात कधी आला नव्हता. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"फोनमधलं पुसून टाकू?"

"पुसलं की डोक्यातनं जाणार आहे का?"

"नाही."

"मग कशाला पुसतोस? पण हा घाईतला काढ. नीट गातो तो घाल. निदान त्याला तरी मला धड ऐकू दे." मग नातीकडे वळून ती म्हणाली, "चहा टाक. आणि हे बटण घट्ट कर. उद्या जायचंय."

"सत्कार नको म्हणून मी त्यांना कळवतो," तो म्हणाला.

"सत्कार नकोच. गाणं ऐकायला येईन. कुडता शिवलाय ना?"

कार्यक्रम झाला. सुरुवातीला उस्सनकोयाने उभं राहून, चूक कोणाची आणि कशी, ते चार वाक्यांत सांगितलं. बिय्यात्तूचं नाव ऐकून आलेले काही जण उठून गेले. एकाने जिन्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मग आम्ही आलो कशाला?" सत्यपालनने पांढरी पाच धरली, गायिकेने गाणं सावकाश म्हटलं. कुंजीबी पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत ऐकत होती, आणि गाणं संपल्यावर, घसा खाकरण्याची वाट बघावी तशी, क्षणभर थांबली.

गटावर रोसम्माने नोंद बदलली. 'गायक: अज्ञात, पुरुष. वेग: सुमारे एकाहत्तर. आधीची नोंद चुकीची होती.' खाली उस्सनकोयाने आपलं नाव घालून चुकीचं कारण लिहिलं. त्यावर बरंच रण माजलं. आधीचंच गाणं जास्त गोड होतं, ते राहू द्या, असं म्हणणारे निम्मे होते. आयर्लंडच्या ट्रकवाल्याने तर, आपण ते ऐकून रडलो होतो, त्या रडण्याचं आता काय करायचं, असा सवाल टाकला.

आठवड्याने गटात एक निरोप आला. नातीच्या फोनवरून, पण आवाज म्हातारीचा होता.

"मी कुट्टिच्चिराची कुंजीबी बोलतेय. तुमच्यापैकी कोणाच्या घरी पूर्वी कोणी गाणारा मुलगा होता का? उंच गळ्याचा. त्याचा आवाज माझ्याकडे आहे. माझा नाही तो, मी नुसती सांभाळतेय. ज्यांचा असेल त्यांनी घेऊन जावा. पण ऐकल्या ऐकल्या आपला म्हणू नका. घरातल्या म्हाताऱ्यांना बोलवा, त्यांना ऐकवा, दोन दिवस जाऊ द्या, आणि मग कळवा."

रोसम्माने तो निरोप गटात सगळ्यात वर लावून ठेवला. आपल्या नियमांची जुनी यादी तिने त्याच्या खाली सरकवली.